सेरोटोनिनची औषधं आणि लघवीची पिशवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या रामदासपेठेत माझं औषधाचं दुकान आहे, त्याआधी बरीच वर्षं फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवलं. मनाच्या गोळ्या आणि लघवीचा त्रास ह्यावर लोक काउंटरवर बोलत नाहीत, बाजूला दुसरं गिऱ्हाईक उभं असतं ना, मग रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळे एका जागी लिहिले. कोणाचं नाव-गाव कुठंच नाही. आणि हे वाचून डोस बदलायचा नाही हे आधीच सांगून ठेवतो, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

१. सेरोटोनिन तर डोक्यातलं केमिकल ना? मग लघवीशी त्याचा काय संबंध?

डोक्यात आहेच, पण तिथं अगदी थोडं. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं, आणि रक्तात ते प्लेटलेट्समध्ये साठवलेलं असतं. १९४८ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं तेसुद्धा रक्ताच्या सीरममधून, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून शोधत होते तेव्हा. मनाशी त्याचं नातं नंतर कळलं.

लघवीच्या बाबतीत ते तीन जागी काम करतं. मेंदूच्या बुडाशी ज्या पेशींमधून सेरोटोनिनचे धागे खाली उतरतात तिथं, मग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या शेवटच्या भागात, आणि तिसरं खुद्द लघवीच्या पिशवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या, भिंतीत. ह्या तीन जागा लक्षात ठेवा, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक गोंधळ ह्यातूनच येतो. एकच गोळी तिन्हीकडे पोचते आणि तिन्हीकडे एकसारखं काम करत नाही.

(केळात सेरोटोनिन असतं मग केळी खाऊ का असं पुष्कळजण विचारतात. खा, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जात नाही.)

२. पिशवीचा मसल आवळतो कसा, सोप्या भाषेत सांगाल का?

पिशवीच्या भिंतीतल्या मसलला डेट्रुसर म्हणतात. दिवसभर तो सैल राहून लघवी साठवतो, मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० मिली मावते आणि पहिली जाणीव १५०-२०० मिलीच्या आसपास होते. लघवीला बसलं की कण्याच्या खालच्या भागातून, म्हणजे एस-२ ते एस-४ मधून येणाऱ्या नसा पिशवीत अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात (नसेचा निरोप पोचवणारं हे रसायन), ते मसलवरच्या एम-३ रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागेला, लागतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि मसल आवळतो. त्याच वेळी खालचं तोंड सैल सुटावं लागतं. वर मसल आवळला आणि खाली तोंड बंदच राहिलं तर लघवी अडते, आणि वर मसल नको तेव्हा आवळला तर घाई लागते, कधी वाटेतच कपडे ओले होतात.

साठवणीच्या वेळी नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरं रसायन उलट काम करतं, बीटा-३ रिसेप्टरवरून पिशवी सैल ठेवतं आणि अल्फा-१ वरून पिशवीचं तोंड आवळून धरतं. म्हणून जी औषधं सेरोटोनिनसोबत नॉरअ‍ॅड्रेनलिनही वाढवतात त्यांचा हिशोब वेगळा लागतो, प्रश्न ७ आणि ८ बघा.

३. मग सेरोटोनिननं पिशवी आवळते का सैल पडते? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगितलं तर चुकीचं होईल, म्हणून दोन-चार वाक्यं घेतो. माणसाच्या पिशवीत सेरोटोनिन मुख्यतः मसलला थेट आवळत नाही, ते नसेच्या टोकावर बसतं. तिथं ५-एचटी४ नावाचा रिसेप्टर आहे (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच, पुढचा आकडा रिसेप्टरचा प्रकार सांगतो), तो चालू झाला की त्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन जास्त सुटतं, म्हणजे नसेनं दिलेला तोच हुकूम मसलपर्यंत जोरात पोचतो. १९९० च्या दशकात इटलीतल्या संशोधकांनी माणसाच्या पिशवीच्या तुकड्यांवर हे दाखवलं, आणि पुढं ५-एचटी७ चाही असाच हात असल्याचं दिसलं.

म्हणजे पिशवीच्या भिंतीपुरतं बोलायचं तर सेरोटोनिन आवळण्याला जोर देतं. पण मज्जारज्जूत तेच सेरोटोनिन खालचं तोंड घट्ट धरायला मदत करतं. जोर आणि ब्रेक दोन्ही एकाच केमिकलच्या हातात आहेत, आणि कोणत्या माणसात कोणता भारी पडेल हे त्याचं वय, प्रोस्टेट, शुगर, बाकीच्या गोळ्या ह्यावर ठरतं.

४. पण हे माणसाच्या मसलवर तपासतात तरी कसं? जिवंत माणसाच्या पिशवीत तर हात घालता येत नाही ना.

हा माझा आवडता प्रश्न आहे. कॅन्सरमुळे ज्यांची लघवीची पिशवी काढावी लागते त्यांच्या लेखी संमतीनं, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, ऑपरेशनमधल्या निरोगी भागाचा छोटा तुकडा लॅबमध्ये येतो. त्याच्या बारीक पट्ट्या कापून प्रत्येक पट्टी ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे काचेच्या दुहेरी भिंतीच्या नळीत, उभी टांगतात. खालचं टोक हुकला, वरचं दोऱ्यानं ताण मोजणाऱ्या यंत्राला. नळीत ३७ डिग्रीवर क्रेब्ज नावाचं मिठा-साखरेचं पाणी, खालून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत चालू. दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रोडमधून विजेचे बारीक झटके दिले की पट्टीतल्या नसा जाग्या होतात, मसल आवळतो आणि स्क्रीनवर शिखर उमटतं. मग औषध टाकायचं आणि शिखर वाढलं का कमी झालं ते बघायचं.

आम्ही विद्यार्थी असताना स्क्रीन नव्हती, काजळी धरलेला कागद फिरत्या ड्रमवर गुंडाळायचा आणि तरफेची टोकदार काडी त्यावर पांढरी रेघ ओढायची, बोटाचा धक्का लागला की अख्खं रीडिंग गेलं. आमच्याकडे कोंबडीच्या आतड्याचा तुकडा असायचा, पण तत्त्व तेच.

दोन तपासण्या ह्यात फार कामाच्या. पफर माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, टाकलं की नसा गप्प होतात. त्यानंतरही औषधानं मसल आवळला तर परिणाम थेट मसलवर आहे असं कळतं. आणि अ‍ॅट्रोपिन टाकलं की अ‍ॅसिटिलकोलिनचा रस्ता बंद होतो. निरोगी माणसाच्या पट्टीत तेवढ्यानं आवळणं जवळजवळ थांबतं, आजारी पिशवीत मात्र एटीपी ह्या दुसऱ्या रसायनाच्या जोरावर थोडं चालूच राहतं.

एक सावधगिरी. नळीत टाकलेलं औषध पुष्कळदा रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट असतं. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं त्या मापाला कॅल्शियमचे दरवाजेच बंद करतात आणि मसल ढिला पडतो. म्हणून नुसतं ‘अमुक गोळीनं पिशवीचा मसल सैल पडतो’ असं कुठं वाचलं तर आधी किती मापाला ते विचारा.

५. उंदरा-माकडावरचे प्रयोग आपल्याला लागू होतात का?

ह्या विषयात तर फारच जपून. माकडाच्या पिशवीत ५-एचटी४ मसलवरच बसतो आणि चालू झाला की पिशवी सैल पडते, म्हणजे माणसाच्या एकदम उलट. कुत्र्याच्या पिशवीत सेरोटोनिन ५-एचटी२ वरून मसलला थेट आवळतं. मेंदूपातळीवरही तसंच, ५-एचटी१ए चालू करणारं औषध उंदरात लघवी व्हायला मदत करतं आणि मांजरात दाबून धरतं. त्यामुळं एखाद्या बातमीत प्राण्याचं नावच दिलं नसेल तर मी ती बातमी पुढं वाचत नाही.

६. एस्सिटालोप्राम सुरू झाल्यापासून सारखी लघवीला येऊन राहिली. गोळीमुळंच आहे का?

असू शकतं. फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम ह्या एसएसआरआय (सेरोटोनिन टिकवून धरणाऱ्या) गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना वारंवार लागणं, घाई, क्वचित गळणं होतं. नेदरलँड्समध्ये २००२ साली ह्या गटावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गळण्याचा धोका थोडा वाढलेला दिसला होता. प्रश्न ३ मधली नसेच्या टोकाची गोष्ट आठवा, कारण तिथं असू शकतं.

पण गोळीवर बोट ठेवण्याआधी तारखा बघा. त्रास गोळीच्या आधीपासून होता का? घबराट हीच वारंवार लघवीचं मोठं कारण आहे आणि ती घबराट होती म्हणूनच गोळी सुरू झाली, हे लोक विसरतात. लघवीची साधी तपासणी आणि शुगर करून घ्या, नागपुरात कुठल्याही गल्लीत होते. चहा किती वाढला तेही प्रामाणिकपणे सांगा. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर त्रास सुरू झाला आणि बाकी काही सापडलं नाही, तर डॉक्टर वेळ बदलतात, डोस कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. स्वतः बंद करायची नाही, का ते १४ मध्ये.

७. आमच्या बाबांना उलटंच झालं, मनाच्या गोळीनं लघवी अडली. असं काऊन?

बाबांचं वय आणि गोळीचं नाव, दोन्ही महत्त्वाचं. साठीनंतर पुरुषात प्रोस्टेट वाढलेली असते, धार आधीच बारीक असते, वर एखादी अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी गोळी आली की मसल पुरेसा आवळतच नाही. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुनी औषधं सेरोटोनिन वाढवतात आणि अ‍ॅसिटिलकोलिन अडवतातही, आणि हे दुसरं काम पिशवीवर जास्त भारी पडतं. नव्यांपैकी पॅरॉक्सेटिनमध्ये हा गुण थोडा आहे. व्हेनलाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवून पिशवीचं तोंड आवळतात.

आणि एक गोष्ट जी मला काउंटरवर नेहमी दिसते ती म्हणजे सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन असलेली, चिठ्ठीशिवाय मागून नेलेली. पहिलं मसल ढिला करतं, दुसरं तोंड आवळतं, आणि दोष जातो मनाच्या गोळीला. म्हणून सर्दीची गोळी मागताना आधीच्या गोळ्या सांगत जा ना जी, आम्ही दुकानदार त्यासाठीच बसलो आहोत.

पोट फुगलंय, कळा येताहेत आणि कित्येक तास थेंबही नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा जवळच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत जा, नळी टाकून पिशवी रिकामी करतात आणि काही मिनिटांत माणूस मोकळा होतो. जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत घ्या.

८. मला मनाचा काही त्रास नाही, खोकलताना लघवी गळते म्हणून गेले तर डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटिन लिहिली. घरचे म्हणतात ही तर डिप्रेशनची गोळी!

घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. डॉक्टर चुकलेले नाहीत.

मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी, त्याच एस-२ ते एस-४ च्या भागात, ओनुफचं केंद्रक नावाचा पेशींचा एक बारीक पुंजका आहे, १८९९ मध्ये ओनुफ्रोविच ह्या न्यूरॉलॉजिस्टनं त्याचं वर्णन केलं. तिथून निघालेली प्युडेंडल नस मूत्रमार्गाच्या बाहेरच्या स्फिंक्टरला, म्हणजे आपण मुद्दाम रोखून धरतो त्या गोल मसलला, हुकूम देते. ड्युलॉक्सेटिननं त्या पुंजक्यात सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन टिकून राहतं, हुकूम जोरदार होतो, आणि खोकला-शिंक-वजन उचलणं ह्या झटक्यात तोंड घट्ट राहतं. १९९५ मध्ये मांजरांवर हे दिसलं होतं. चांगली गोष्ट अशी की हा जोर मुख्यतः साठवणीच्या वेळी मिळतो, लघवीला बसल्यावर ते केंद्रक एरवीसारखंच शांत होतं, म्हणून बहुतेक बायकांना लघवी करताना अडत नाही.

युरोपात २००४ मध्ये बायकांच्या ह्याच त्रासासाठी, रोज दोनदा ४० मिग्रॅ असं, तिला मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र ह्या कारणासाठी मान्यता नाही, तिथं ती डिप्रेशन आणि नसांच्या दुखण्यासाठी वापरतात. सुरुवातीला मळमळ फार होते, कित्येकजणी त्यामुळंच सोडतात. डॉक्टर म्हणूनच कमी डोसनं सुरू करतात. आणि ओटीपोटाचा, म्हणजे पेल्विक फ्लोअरचा व्यायाम हा पहिला इलाज आहे, गोळी घेतली म्हणून तो सोडायचा नाही. लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर ही गोळी नकोच, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

९. गॅसच्या गोळीत मोसाप्राइड आहे, ती ५-एचटी४ वाली ना? मग लघवी जास्त होईल का?

तुम्ही नीट वाचलंत! मोसाप्राइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रुकालोप्राइड ही सगळी ५-एचटी४ चालू करणारी औषधं आहेत, पोट पुढं ढकलण्यासाठी दिलेली. ऑर्गन बाथमध्ये मेटोक्लोप्रामाइड आणि सिसाप्राइडनं माणसाच्या पिशवीचं आवळणं वाढलेलं दिसलंय. पण रोजच्या डोसला बहुतेकांना लघवीत काही फरक जाणवत नाही, ज्यांची पिशवी आधीच घाई करणारी आहे त्यांनी तेवढं लक्ष ठेवावं. सिसाप्राइड आता मिळत नाही, हृदयाचे ठोके बिघडवते म्हणून आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. घरात जुनी पट्टी सापडली तर फेकून द्या.

१०. उलटीच्या गोळीनं, ऑन्डेन्सेट्रॉननं, लघवीवर काय होतं?

ती ५-एचटी३ अडवते, माणसाच्या पिशवीच्या मसलवर तिचा मोठा वाटा नाही. पण तिनं बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडं मागून पिशवीवर दाबतं, मग कोणाला घाई लागते तर कोणाची लघवी अडते. पोट साफ झालं की बरं वाटतं.

११. मुलगा सात वर्षांचा, रात्री अंथरूण ओलं करतो. शेजारच्यांनी इमिप्रामिन सांगितली.

शेजारच्यांच्या सांगण्यावरून ही गोळी मुलाला देऊ नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. १९६० पासून ती ह्या कामी वापरली गेली आणि काही मुलांना फायदाही होतो, पण जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदय बंद पडू शकतं, आणि लहान मुलात त्यासाठी थोड्याच गोळ्या पुरतात. आता आधी संध्याकाळचं पाणी आवरणं, बद्धकोष्ठ बघणं, ओल लागताच वाजणारा अलार्म, मग रात्री लघवी कमी बनवणारं डेस्मोप्रेसिन असा क्रम असतो, इमिप्रामिन शेवटी आणि बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. मुलाला रागावू नका, तो मुद्दाम करत नाही.

१२. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल आणि झोपेसाठी-मनासाठी दुसरी गोळी, दोन्ही चालतात का?

दोन डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या असतील तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. ट्रामाडॉल अफूच्या गटातलं असूनही सेरोटोनिन वाढवतं. लघवी अडवणं हा त्याचा अफूवाला गुण. आणि एसएसआरआय गोळीसोबत सेरोटोनिन फार वाढलं तर थरथर, घाम, ताप, जुलाब, बेचैनी, पाय आपोआप झटके देणं असं होतं, त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. असं काही दिसलं तर सरळ दवाखान्यात.

१३. लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक दिलं, आधीची मनाची गोळी चालू ठेवू का?

बहुतेक वेळा हो, पण तीन जोड्या अशा आहेत की ज्या मी बिल करण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारतो. ड्युलॉक्सेटिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन: सिप्रो लिव्हरमधलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम अडवतं आणि ड्युलॉक्सेटिन रक्तात खूप चढतं, ही जोडी टाळायचीच असते, आणि लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रो आपल्याकडे किती सर्रास लिहितात हे तुम्हाला माहीतच आहे. दुसरी, लिनेझोलिड आणि कुठलीही सेरोटोनिन वाढवणारी गोळी, धोका प्रश्न १२ मधलाच. तिसरी जोडी अँटिबायोटिकची नाही पण इथंच सांगतो, पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असताना टॅमसुलोसिन (प्रोस्टेटची गोळी) किंवा टोल्टेरोडिन (घाईची गोळी); त्यांना तोडणारं सीवायपी२डी६ हे एन्झाइम अडतं, मग चक्कर, तोंड कोरडं पडणं वाढतं.

१४. लघवीच्या त्रासानं वैतागलो, गोळी उद्यापासून बंद करतो. चालेल?

नाही. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, एकदम सोडल्या की चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं, आणि मूळ आजार परत आला तर तो लघवीच्या त्रासापेक्षा कितीतरी जड जातो. हळूहळू उतरवायची असते आणि ती उतरण डॉक्टरांनी आखायची. मन फार खचलं असेल आणि बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, मोफत आहे.

१५. उन्हाळ्यात काय करायचं? पाणी प्यावं तर लघवी, नाही प्यावं तर ऊन.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पाणी तोडायचं नाही. कमी पाण्यानं लघवी गडद होते, जळजळ वाढते आणि घाई उलट जास्त लागते. पण एसएसआरआय घेणाऱ्या साठी-सत्तरीतल्या माणसांनी, विशेषतः बीपीसाठी थायझाइडची गोळी चालू असेल तर, तांब्यामागून तांब्या नुसतं साधं पाणीही पीत सुटायचं नाही. ह्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. आजीबाई दुपारी अचानक भलतंच बोलायला लागल्या तर कांद्याच्या रसावर थांबू नका, सोडियम तपासून घ्या. अशा माणसाला रात्रीच्या लघवीसाठी डेस्मोप्रेसिन देणं तर आणखी धोक्याचं, त्यानंही सोडियम उतरतं.

१६. लिथियमनंही माझी लघवी वाढली, ते सेरोटोनिनमुळंच का?

नाही, तो वेगळा मामला आहे. लिथियमनं किडनी पाणी धरून ठेवत नाही, म्हणून लघवी खरोखरच जास्त बनते आणि तहानही तेवढीच लागते. सेरोटोनिनवाल्या त्रासात दिवसाची एकूण लघवी पूर्वीएवढीच असते, फक्त थोडी थोडी आणि सारखी सारखी होते. हा फरक अंदाजानं कळत नाही, मोजावा लागतो, म्हणून पुढचं वाचा.

१७. डॉक्टरकडे जाताना काय घेऊन जाऊ?

तीन दिवसांची लघवीची डायरी. एक जुनं मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवा आणि प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिली, घाई होती का, गळली का, एवढं लिहा. काय प्यायलात तेही. जागेपणी सात-आठ वेळा जाणं सर्वसाधारण आहे. पानाच्या वरती सगळ्या गोळ्या, कधी सुरू झाल्या त्या तारखेसकट, आणि त्यात सर्दीची, गॅसची, दुखण्याची आणि आयुर्वेदिक म्हणून घेतलेलीही लिहायची. मानसोपचारवाल्यांकडे आणि युरॉलॉजिस्टकडे हेच पान न्या, त्याचे दोन झेरॉक्स काढा. लघवीनंतर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीत पाच मिनिटांत कळतं, ते सांगितलं तर करून घ्या. जाण्याआधी लघवी करायची नाही, तिथंच करून लगेच किती उरली ते मोजून घ्यायचं असतं.